झोपेत पगार खाणारी चिप

नव्या उपकरणाच्या डिझाइन मीटिंगमध्ये प्रोसेसर कुठला घ्यायचा यावर तासभर खडाजंगी होते. अँटेना आत की बाहेर, डब्याचा रंग कुठला, लोगो उजवीकडे की डावीकडे, यावरही होते. यादीत रेग्युलेटरची ओळ येते तोवर चहा आलेला असतो.

"रेग्युलेटर?"

"तोच, नेहमीचा."

"चला, पुढे."

तीन पायांची, नखाएवढी, पाच-सात रुपयांची ती वस्तू. बॅटरीचं व्होल्टेज कितीही वरखाली झालं तरी पुढच्या सर्किटला एकसारखे ३.३ किंवा ५ व्होल्ट द्यायचे, हे तिचं काम. ते ती मुकाट्याने करते, म्हणून कुणाचं तिच्याकडे लक्ष जात नाही. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांचं हार्डवेअर मी पुण्यात बसून डिझाइन करतो. दुसऱ्यांनी केलेली आणि बाजारात मार खाल्लेली डिझाइनंही माझ्याकडे येतात. धंद्यातलं गुपित सांगायचं तर घर त्या दुसऱ्या कामावरच जास्त चालतं. 'बॅटरी टिकत नाही' अशी तक्रार असली की मी प्रोसेसरकडे ढुंकूनही बघत नाही, आधी त्या तीन पायांकडे बघतो.

नाशिककडच्या द्राक्षबागांत मातीची ओल आणि पानांवरचा ओलावा मोजणारे डबे हल्ली दिसायला लागलेत. डावणी रोगाचा अंदाज घ्यायचा तर पान किती तास ओलं राहिलं हे कळावं लागतं. असा डबा बनवणारी मंडळी एकदा आली. त्यांचा डबा दर पंधरा मिनिटांनी जागा व्हायचा, पाचेक सेकंदांत माप घेऊन शेडवरच्या वायफायला पाठवायचा आणि पुन्हा झोपायचा. त्यांच्या हिशेबाने एका १८६५० सेलवर सबंध हंगाम निघायला हवा होता. प्रत्यक्षात सेल पंधरवडाभरही टिकत नव्हता. एका बागायतदाराने त्यांना ऐकवलं होतं, "साहेब, फवारणीपेक्षा तुमच्या डब्याच्या बॅटरीलाच जास्त चकरा होतात." कंपनीने आधी सेलवाल्यावर खापर फोडलं, मग वायफायवर, मग बागेतल्या पोरांवर, की हीच मुलं डबे उघडून बघतात.

डबा टेबलावर उघडला. आत १११७ जातीचा रेग्युलेटर, शेजारी दिमाखात जळणारा लाल एलईडी, त्याच्या बाजूला यूएसबीची चिप. शिकाऊ लोकांसाठी मिळणाऱ्या डेव्हलपमेंट बोर्डाचं सर्किट जसंच्या तसं उचललेलं होतं. त्या बोर्डात गैर काही नाही. तो यूएसबीच्या वायरवर चालायला बनवलेला असतो, आणि वायरीमागे लॅपटॉप असताना ५ मिलिअँपिअरचा हिशेब कोण मागतो?

बागेत मात्र मागावा लागतो. प्रोसेसर गाढ झोपेत २० मायक्रोअँपिअर, म्हणजे ०.०२ मिलिअँपिअर खात होता. १११७ स्वतःसाठी ५ मिलिअँपिअर खात होता. एलईडी आणि यूएसबीची चिप धरून सगळे मिळून ७. घरात झोपलेल्या मालकाचा दिवसाचा खर्च दोन रुपये आणि दारातल्या राखणदाराचा पगार पाचशे, असा तो संसार होता. रीतसर आकडे मांडले. जागेपणी सरासरी ८० मिलिअँपिअर, पाच सेकंद, दिवसाला ९६ वेळा, म्हणजे जागेपणाचा खर्च जेमतेम ११ मिलिअँपिअर-तास. झोपेतला खर्च ७ गुणिले २४, म्हणजे १६८. सेल २६०० चा. भागाकार केला की साडेचौदा दिवस येतात. त्यात सेलवाल्याचा दोष नव्हता आणि पोरांचाही नव्हता.

गंमत पुढेच होती. १११७ ला बाहेर द्यायच्या व्होल्टेजपेक्षा आत १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात. याला ड्रॉपआउट म्हणतात. ३.३ व्होल्ट हवे तर आत ४.४ पाहिजेत, आणि लिथियम-आयन सेल काठोकाठ भरला तरी ४.२ च्या वर जात नाही. म्हणजे त्या डब्यात तो रेग्युलेटर एक दिवससुद्धा रेग्युलेटर म्हणून चालला नव्हता. सेलचं व्होल्टेज घसरेल तसं तोही आपला व्होल्टभर कापून खाली सोडत होता, आणि ३.७ च्या आसपास प्रोसेसर चक्कर येऊन रिसेट होत होता. सेल अजून अर्धा भरलेला असताना डबा मेला असं समजून तो काढला जात होता. पगार पूर्ण आणि काम शून्य.

उपाय काही थोर नव्हता. रेग्युलेटर बदलला, एलईडी काढला, यूएसबीची चिप बोर्डावरून हलवून प्रोग्रामिंगच्या जिगवर नेली. झोपेतला करंट ३० मायक्रोअँपिअरच्या आत आला. बिल पाठवताना त्यांच्या मालकांचा फोन आला, "अहो, एवढंच होतं?" या व्यवसायात या प्रश्नाइतकं नुकसानकारक काही नाही.

हा ५ मिलिअँपिअरचा आकडा येतो कुठून, यामागे अर्ध्या शतकापूर्वीची गोष्ट आहे. तिचा नायक बॉब विडलार, कॅलिफोर्नियातल्या नॅशनल सेमीकंडक्टरचा चिप डिझायनर. माणूस अफाट बुद्धीचा आणि तितकाच अफाट वागणुकीचा. १९७० मध्ये मंदीपायी कंपनीने खर्चकपात सुरू केली आणि आवारातली हिरवळ कापणं थांबवलं. विडलारने आपल्या उघड्या टपाच्या गाडीतून एक मेंढी आणली आणि कचेरीसमोरच्या गवतावर चरायला सोडली. किस्सा सांगताना लोक हटकून मेंढीची बकरी करतात. त्याच कंपनीतले दुसरे नामवंत डिझायनर बॉब पीझ यांनी मात्र ती मेंढीच होती असं लिहून ठेवलंय. विडलारची दुसरी सवय आमच्या जास्त कामाची. एखादा पार्ट त्रास देऊन नासका निघाला की तो कचऱ्यात न टाकता ऐरणीवर ठेवून घणाने त्याचा भुगा करायचा. चुकूनही तो पुन्हा कुणाच्या बोर्डावर बसायला नको. खोटं नाव छापलेले रेग्युलेटर सापडले की त्यांच्यावर आमच्याकडे आजही हाच संस्कार होतो. फक्त ऐरणीच्या जागी फरशीचा तुकडा असतो.

विडलारने त्या सुमारास एलएम१०९ आणि एलएम३०९ ही तीन पायांची ५ व्होल्टची जोडी काढली. त्या काळी कपाटाएवढ्या यंत्रांत लॉजिकची कार्डं ओळीने बसत आणि सगळ्यांना ५ व्होल्ट एका कोपऱ्यातल्या सप्लायमधून लांब तारांनी येत. तारेतच व्होल्टेज गळायचं, शेवटच्या कार्डापर्यंत धड पोचायचं नाही. प्रत्येक कार्डावरच आपापला रेग्युलेटर बसवावा, हा त्यावरचा तोडगा. त्याच धर्तीवर आलेली फेअरचाइल्डची ७८०० मालिका आणि त्यातला ७८०५ आपल्याकडे डिप्लोमाच्या प्रत्येक मुलाच्या हातून गेलेला असतो. हा रेग्युलेटर १ अँपिअर द्यायचा आणि स्वतःला ५ मिलिअँपिअर ठेवायचा, म्हणजे अर्धा टक्का. भिंतीतून वीज येत असताना अर्ध्या टक्क्याबद्दल कुणी तोंड वाकडं करणार नाही. आकडा वाईट नव्हताच, तो दुसऱ्या घरचा होता. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ७८०५ लावला की, बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर, पुढे काहीही न जोडता ती शंभर तासांत संपते. पाच दिवससुद्धा नाहीत.

नॅशनल सेमीकंडक्टरमधल्याच बॉब डॉबकिनने १९७६ च्या सुमारास एलएम३१७ आणला. दोन रेझिस्टर लावून हवं ते व्होल्टेज मिळवा, अशी सोय. बॅटरीच्या बाबतीत तो आणखी एक पाऊल पुढे आहे. त्याच्या आतल्या सर्किटचा करंट बाहेरच्या लोडमधूनच जातो, त्यामुळे लोड अगदी कमी झाला की व्होल्टेज आवरत नाही, वर चढतं. डेटाशीट खात्रीसाठी १० मिलिअँपिअरचा लोड मागतं. म्हणजे झोपलेल्या सर्किटला खर्च नको असेल तरी खर्च उभा करून द्यावा लागतो. कॉलेजांच्या प्रदर्शनात बॅटरीवरच्या घड्याळात ३१७ दिसला की मी त्या मुलांना काही बोलत नाही. मास्तरांना गाठतो.

कमी ड्रॉपआउटच्या रेग्युलेटरला आम्ही एलडीओ म्हणतो. त्याला बाजारात जागा करून दिली मोटारींनी. थंडीत स्टार्टर मारला की १२ व्होल्टची बॅटरी ६ पर्यंत कोसळते, आणि तेवढ्या वेळातही आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट हवे असतात. म्हणून आत पीएनपी ट्रान्झिस्टर घातला. ड्रॉपआउट अर्ध्या व्होल्टाच्या आसपास आला, पण पीएनपीचा बेस करंट लोडकडे न जाता थेट जमिनीत जातो. १ अँपिअर देणारा एलएम२९४० भर लोडला ३० मिलिअँपिअर असेच वाहून टाकतो. पुढे एलपी२९५० सारखे पार्ट आले. त्यांचा झोपेतला खर्च ७५ मायक्रोअँपिअर, तेव्हाच्या मानाने संन्यासीच. मग ट्रान्झिस्टरच्या जागी मॉसफेट आला. त्याच्या गेटला स्थिर करंट लागतच नाही, आणि आकडे धाडकन खाली आले. मायक्रोचिपचा एमसीपी१७०० स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअर घेतो आणि २५० मिलिअँपिअरवरही त्याचा ड्रॉपआउट ०.२ व्होल्टाच्या आत असतो. होलटेकचा एचटी७३३३ चारेक मायक्रोअँपिअरचा. स्वस्त आणि मस्त, फक्त त्याच्या पायांचा क्रम बघून घ्यावा. ७८एल०५ चा क्रम बाहेर-जमीन-आत असा, तर होलटेकच्या तशाच दिसणाऱ्या पार्टचा जमीन-आत-बाहेर. डोळे झाकून जागेवर बसवला की धूर निघतो, आणि तो वास आठवडाभर खोलीत राहतो.

एलडीओवरचा सगळ्यांत महागडा किस्सा मात्र करंटचा नाही, कपॅसिटरचा आहे. एका कारखान्यात एक मीटर वर्षानुवर्षं बिनतक्रार बनत होता. एके दिवशी परचेस विभागाने रेग्युलेटरच्या तोंडाशी असलेला टँटलम कपॅसिटर बदलून त्याच मापाचा सिरॅमिक आणला. किंमत कमी, आयुष्य जास्त, अंतर्गत रोध जवळपास शून्य. कागदावर सगळं आधीपेक्षा चांगलं. नव्या बॅचमधले मीटर भलतेच आकडे दाखवू लागले. आठ-दहा जण फर्मवेअरमध्ये बग शोधत बसले. ऑसिलोस्कोप लावल्यावर दिसलं की ३.३ व्होल्टची रेघ सरळ नाहीच, ती थरथरतेय. जुन्या जातीच्या एलडीओचं फीडबॅकचं गणित त्या टँटलमच्या थोड्याशा रोधावरच टेकलेलं असतं. तो रोध काढून घेतला की रेग्युलेटर चक्क ऑसिलेटर होतो. नवे मॉसफेटवाले बहुतेक १ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकवर शांत राहतात, पण तेही डेटाशीटमध्ये लिहिलेलं असेल तरच. त्या मीटिंगमध्ये परचेसचे साहेब शेवटपर्यंत एकच मुद्दा मांडत होते, "पण आम्ही तर जास्त चांगल्या क्वालिटीचा आणला!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पहिलं पान जाहिरातीचं, खरं काय ते आतल्या तक्त्यात आणि त्याहून खरं मागच्या आलेखांत. एमसीपी१७०० चा १.६ हा आकडा 'टिपिकल' रकान्यातला. 'मॅक्सिमम'च्या रकान्यात त्याच पार्टला ४ लिहिलंय. जळगावच्या मे महिन्यात पत्र्यावर बसवलेल्या डब्याने कुठला रकाना धरायचा हे सांगायला नको. शिवाय बॅटरी उतरत येऊन रेग्युलेटर ड्रॉपआउटमध्ये शिरला की बऱ्याच पार्टचा स्वतःचा खर्च वाढतो. पीएनपीवाले त्यात बदनाम. बाहेरचं व्होल्टेज टिकवायला बेसमध्ये अजून करंट, अजून करंट ढोसत राहतात. बॅटरी संपत आली की ती उरलेली संपवायला हेच हातभार लावतात. तो आलेख डेटाशीटच्या सात-आठ पानं मागे असतो, आणि तिथपर्यंत चहा थंड झालेला असतो.

उलट्या बाजूचेही बळी आहेत. '१११७ वाईट' एवढंच ऐकून आलेली पोरं हल्ली डोळे मिटून सगळ्यांत कमी खाणारा पार्ट उचलतात. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीची पातळी सांगणारं एक यंत्र असंच आलं होतं. टेबलावर, यूएसबीवर, उत्तम. बॅटरीवर गच्चीत नेलं की नुसता रिसेट. वायफायची चिप प्रक्षेपण सुरू करताना क्षणभर ३००-४०० मिलिअँपिअर ओढते. बनवणारी कंपनी तर सप्लाय ५०० चा ठेवा म्हणते. रेग्युलेटर होता २५० चा. पण करंटची मर्यादा ही अर्धीच गोष्ट. एक-दोन मायक्रोअँपिअरवर जगणाऱ्या रेग्युलेटरच्या आतल्या अँप्लिफायरकडे भलामोठा गेट भरायला करंटच नसतो. लोड अचानक उसळला की त्याला हलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज बसतं. यंत्र रिसेट झालं की पुन्हा वायफाय शोधतं, पुन्हा उसळतं, पुन्हा रिसेट होतं. रात्रभर हा खेळ चालला की काटकसरी रेग्युलेटर असूनही सकाळी बॅटरी रिकामी. चिपच्या जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला आणि रेग्युलेटर ६०० मिलिअँपिअरचा, २ मायक्रोअँपिअर खाणारा, आरटी९०८० घेतला. दोन्ही गुण एका पार्टात मिळतात, फक्त तशी जोडी शोधावी लागते.

हे मायक्रोअँपिअर मोजणं हीसुद्धा एक कला आहे, आणि ती मी शिकलो एका निवृत्तीला आलेल्या टेस्टिंगच्या काकांकडून. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की मीटरच्या आत साधारण १०० ओहमचा रोध मध्ये येतो. झोपेत २० मायक्रोअँपिअर असताना त्यावर पडतात फक्त २ मिलिव्होल्ट. पण यंत्र जागं होऊन ८० मिलिअँपिअर मागायला लागलं की गणिताने ८ व्होल्ट तिथेच पडायला हवेत. बॅटरीच ४ ची. यंत्र जागं होतं न होतं तोच मरतं. मग नवीन मुलं म्हणतात, "सर, झोपेचा करंट मोजताच येत नाही, सारखं रिसेट होतंय." काका मीटरला समांतर एक साधा बटणाचा स्विच लावायचे. यंत्र सुरू होताना दाबून ठेवायचा, झोपलं की हलकेच सोडायचा. "बाळ झोपल्याशिवाय हात काढायचा नाही," एवढंच ट्रेनिंग.

मीटरवरही भरवसा नसला की त्यांची दुसरी युक्ती होती. बॅटरीच्या जागी १००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर ठेवायचा, तो भरायचा, यंत्र झोपलं की सप्लाय काढायचा आणि घड्याळ लावायचं. ०.१ व्होल्ट उतरायला ५० सेकंद लागले तर करंट २ मायक्रोअँपिअर. भागाकार शाळेतला. कपॅसिटर स्वतःही थोडा गळतो, म्हणून आधी तो नुसताच, काही न जोडता, असाच तपासून घ्यायचा. आता नॉर्डिकचा पॉवर प्रोफाइलर स्क्रीनवर आलेख काढून देतो, झोप, जाग, उसळी सगळं रंगीत दिसतं. तो आमच्याकडेही आहे. पण रंगीत आलेखावर शंका आली की कपाटातून तो कपॅसिटर निघतो.

त्याच काकांचा जुलै महिन्यातला किस्सा. रत्नागिरीला पाठवायच्या बोर्डांत झोपेचा करंट २ मायक्रोअँपिअर यायला हवा होता, येत होता ९. रेग्युलेटर बदलून पाहिला, तेवढाच. प्रोसेसरच्या एकेक पिनची सेटिंग तपासली, ठीक. काकांनी बोर्ड नाकाजवळ नेऊन वास घेतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटलीत जुना टूथब्रश बुडवला, रेग्युलेटर आणि बॅटरी मोजायच्या रेझिस्टरांभोवती खसाखसा घासलं, हेअर ड्रायरने वाळवलं. आकडा आमच्यासमोर उतरत गेला. नऊ, सहा, चार, दोन. सोल्डरिंगनंतर राहिलेल्या फ्लक्सने पावसाळी हवेतला ओलावा धरला होता आणि त्यातून करंट झिरपत होता. तीच बॅच मार्चमध्ये तपासली असती तर सगळे बोर्ड पास झाले असते. त्यानंतर कोकणात जाणाऱ्या प्रत्येक बोर्डाला धुणं आणि वरून कोटिंग सक्तीचं झालं.

बॅटरी मोजायच्या त्या रेझिस्टरांबद्दलही सांगायला हवं, कारण चोरी बऱ्याचदा तिथे होते आणि नाव रेग्युलेटरचं येतं. बॅटरी किती उरली हे कळायला दोन रेझिस्टरांची जोडी टाकतात, सवयीने १०-१० किलोओहमची. ४.२ व्होल्टवर त्यातून अखंड २१० मायक्रोअँपिअर जातो. १.६ मायक्रोअँपिअरचा रेग्युलेटर शोधायला आठवडा घालवायचा आणि शेजारीच २१० ची मोरी उघडी ठेवायची! रेझिस्टर १-१ मेगओहमचे करा, मापाच्या पिनला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या, दोनवर येतं.

आणि मग सगळ्यांत चांगला रेग्युलेटर, म्हणजे नसलेला. घरातला टीव्हीचा रिमोट उघडून बघा. दोन एएए सेल थेट चिपला जोडलेले असतात. वर्षवर्ष चालतो. आजच्या बऱ्याच मायक्रोकंट्रोलरना १.८ ते ३.६ व्होल्टमधलं काहीही चालतं. दोन अल्कलाइन सेल कोरे असताना ३.२ देतात आणि शेवटाला १.८ पर्यंत येतात. दोन्ही टोकं बरोब्बर जुळतात. पाण्याच्या कित्येक स्मार्ट मीटरमध्ये ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल वर्षानुवर्षं टिकतो, तोही याच साधेपणामुळे. तरीही ३.३ व्होल्टची सरळ रेघ दिसल्याशिवाय काही डिझायनरना झोप येत नाही. सेन्सर खरोखरच नाजूक असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्या सेन्सरपुरता रेग्युलेटर द्यावा आणि माप झालं की तो बंद करावा. बंद करायची पिन असलेले पार्ट त्यासाठीच असतात.

अलीकडच्या एका मीटिंगमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस७ए०२ सुचवला. स्वतःचा खर्च २५ नॅनोअँपिअर. सुचवणं योग्यच होतं, आकडा डोळे दिपवणारा आहे. पण उपकरण दोन एए सेलचं होतं. मी तिला फळ्यावर गणित मांडायला सांगितलं. १ मायक्रोअँपिअर वर्षभर म्हणजे ८.७६ मिलिअँपिअर-तास. म्हणजे १.६ वाला वर्षाला १४ खातो, २५ नॅनोवाला पाव मिलिअँपिअर-तासाहूनही कमी. आणि २५०० चा अल्कलाइन सेल, काहीही न करता कपाटात पडून, वर्षाला दोन-तीन टक्के म्हणजे ५० ते ७५ स्वतःच गमावतो. सेल स्वतःच एवढा गळत असताना १४ वाचवायला किती पैसे मोजायचे? बटण सेलवरचं उपकरण असतं तर माझं उत्तर उलट असतं. सीआर२०३२ मध्ये असतात २२० च्या आसपास, त्यातले १४ म्हणजे वर्षाला सहा टक्के. तिथे नॅनोअँपिअरवाल्याची किंमत वसूल होते.

तिने फळ्यावरच्या आकड्यांकडे बघून विचारलं, "सर, मग या बोर्डाला रेग्युलेटर हवाच कशाला? प्रोसेसर १.८ पर्यंत चालतो, सेन्सरही चालतो." सेन्सरचं डेटाशीट उघडलं, तक्ता पाहिला, मागचे आलेख पाहिले. चालत होता. ओळ यादीतून उडाली.

परचेसच्या साहेबांनी मान वर केली. यादीतली एक ओळ कमी होणं त्यांच्यासाठी दिवाळीच. वहीत काहीतरी लिहून त्यांनी लगेच विचारलं, "मग दोनातला एक सेलही कमी करता येईल का?" दीड व्होल्टच्या एका सेलवरून दोन-तीन व्होल्ट काढायचे तर बूस्ट कन्व्हर्टर लागतो, त्याला कॉइल लागते, तो झोपेतही स्वतःचा करंट खातो, आणि हे सगळं मिळून दुसऱ्या सेलपेक्षा महाग पडतं, हे त्यांना पटवण्यात उरलेली मीटिंग गेली.